मुक्या दगडांचा तळ

माणसाला हादरायचंच असेल तर त्यानं तरुणपणी हादरून घ्यावं, एकसष्टाव्या वर्षी ते झेपत नाही. अक्षरकाकांना मात्र नेमका एकसष्टाव्या वर्षी, भर सकाळी नऊ वाजता, चहा नुकताच पोटात गेलेला असताना, कबरस्तानात उभ्या उभ्या असा हादरा बसला की हातातला ओळंबा सुटून पायावर पडला. पायाला लागलंय हे त्यांना दुपारी मोजा काढताना कळलं.

अक्षरकाका म्हणजे चर्चच्या मंडळीचे पाथरवट. चर्चमागच्या गल्लीत त्यांचं दुकान. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या, आणि सगळीकडे बारीक पांढरी धूळ. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्या लग्न होऊन आल्यापासून त्यांनी या घराच्या भिंतींचा खरा रंग पाहिलेलाच नाही. मंडळीतलं कुणी गेलं की त्याच्या कबरेचा दगड काकांच्याच हातून उतरायचा. त्यांचं खरं नाव वेगळं, पण ते आता मतदारयादीपुरतं उरलेलं. रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्यांसमोर थांबून “हा ‘ल’ बघा, पोट सुटलंय त्याचं” असं मोठ्यांदा म्हणायची खोड, म्हणून पोरं त्यांना अक्षरकाका म्हणायला लागली आणि मोठ्यांनीही तेच उचललं. स्वभाव नाकासमोर चालणारा, बोलणं मोजकं. मंडळीच्या पंचांमध्ये त्यांची खुर्ची होती. ती आधी त्यांच्या वडिलांची. वडीलही पाथरवटच, त्यांना सगळं जग मेस्त्री म्हणायचं.

आता या मंडळीत एक रिवाज होता. तो कुठल्या शास्त्रात सापडणार नाही, आणि कुणी सुरू केला हेही कुणाला सांगता येत नसे, पण मोडायची छाती कुणाला झाली नव्हती. माणूस गेला की पंच त्याच्या घरी यायचे आणि शेवटच्या घटकेला जो जवळ होता त्याला तीन प्रश्न विचारायचे. शेवटी भान होतं का? आपली चूक कबूल केली का? प्रभूच्या हवाली झाला का? तिन्हींना ‘हो’ आलं की दगडावर नावाखाली ओळ कोरायची: ‘प्रभूमध्ये विसावला’. एकाला जरी ‘नाही’ आलं, किंवा साक्षीदारच नसला, तर नुसतं नाव आणि दोन तारखा. अशा दगडाला सगळे मुका दगड म्हणायचे.

पश्चात्ताप काय, विश्वास काय, जे करायचं ते जिवंतपणी. मेल्यावर दार बंद, मग मागच्यांनी कितीही रडून घेतलं तरी ते हलत नाही, ही मंडळीची शिकवण. शिकवण म्हणून असू दे. पण आत कोणाला घेतलं आणि कोणाला नाही, हे बाहेर उभ्या असलेल्या पाच पंचांना कसं कळणार, असं कुणी विचारत नसे. विचारणाऱ्याच्याही घरात अजून कुणीतरी मरायचं असतं ना.

मुके दगड उतारावर, सगळ्यात खालच्या रांगेत. एकूण अकरा. यंदा तिथं जमिनीखालचा पाण्याचा नळ फुटला, माती भुसभुशीत झाली आणि दगड एकेक करून कलायला लागले. तेव्हा ठरलं, की सगळी रांग उपटायची, खाली गटार बांधायचं आणि दगड पुन्हा रोवायचे. कबरस्तानाच्या माळ्यानं तीन खांब उभे करून चेनकप्पी लावली, आणि गुरुवारी सकाळी पहिला दगड उचलला तो धाकट्याचा.

धाकटा म्हणजे काकांचा पाठचा भाऊ. तेहेतीस वर्षं झाली त्याला जाऊन. मेस्त्रींशी त्याचं कधी पटलं नाही. एकदा कडाक्याचं भांडण झालं, रागाच्या भरात घर सोडून गेला, इमारतींच्या रंगकामावर लागला आणि चौथ्या महिन्यात परांचीवरून पडला. जागीच गेला. जवळ कुणी नव्हतं. पंच घरी आले तेव्हा पंचांच्या खुर्चीत खुद्द बाप बसलेला. काकांची आई दाराला धरून उभी होती. मेस्त्रींनी कुणाकडे न बघता सांगितलं, “साक्षीदार नाही. ओळ नाही.” आणि आपल्या पोराचा मुका दगड आपल्या हातानं घडवला. आई त्यानंतर चार वर्षं जगली. त्या चार वर्षांत ती मेस्त्रींशी जेवायला वाढण्यापलीकडे बोलली नाही. काकांनी बोलणं सोडलं नाही, कारण एकाच शेडमध्ये एकाच दगडावर दोघं बसायचे. पण आतून त्यांनी बापाला त्या दिवशी टाकलं ते टाकलंच.

तर दगड वर आला. दगडाचा खालचा तिसरा हिस्सा जमिनीत जातो, त्याला तळ म्हणतात, आणि ओल चढू नये म्हणून तळाला जाड डांबर फासतात. इतक्या वर्षांनी त्या डांबराचे पोपडे सुटले होते. माळ्यानं पहारीच्या टोकानं सहज एक पोपडा उडवला आणि तो थांबला.

“काका, ह्याच्या बुडाला काहीतरी लिहिलंय.”

“दगडाची शीर असेल.”

“मला वाचता येतं हो काका. शीर कशाला ‘प्रभू’ लिहील?”

काका गुडघ्यावर बसले आणि खरवडायला लागले. वरचं डांबर निघालं, पण खाचांत भरलेलं तसंच राहिलं, त्यामुळे फिक्या दगडावर काळी अक्षरं लख्ख उठून आली. ‘प्रभूमध्ये विसावला’. ‘भू’चा उकार जरा लांब ओढलेला. असा उकार अख्ख्या गावात एकच माणूस ओढायचा.

तळाला डांबर फासायचं काम मेस्त्री कधी कुणाला करू देत नसत. “तुला जमायचं नाही, तू जाऊन खड्डा खण,” म्हणून मुलाला कबरस्तानात पिटाळायचे. काकांना वाटायचं, म्हाताऱ्याला आपल्यावर भरवसा नाही. एवढं साधं फासायचं काम, त्यालाही आपण नालायक! मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या त्या डांबराला. आणि त्या अर्ध्या दिवसात म्हातारा शेडमध्ये एकटा बसून हे करत होता.

“दुसरा काढ,” काका म्हणाले.

दुसऱ्याच्या तळाला तीच ओळ. तिसऱ्याच्याही. दुपारपर्यंत मेस्त्रींच्या हातचे आठ मुके दगड गवतावर आडवे झाले होते आणि आठांच्याही तळाला ओळ होती. दोन बायकांच्या दगडांवर ‘विसावली’. कुठं घाई नाही, कुठं अक्षर उडालेलं नाही. जे कधीच कुणाला दिसणार नव्हतं ते त्या माणसानं वरच्यापेक्षा सुबक कोरलं होतं.

मग माळ्यानं अलीकडचे दोन काढले. एक एकट्या राहणाऱ्या नर्सबाईंचा, एक छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याचा. हे काकांच्या हातचे. माळी मोठ्या उत्साहानं खरवडायला बसला.

“राहू दे रे,” काका म्हणाले.

“बघू तरी.” त्यानं दोन्ही तळ साफ केले. “इथं काही नाही, काका.”

“नाहीच आहे.”

माळ्यानं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मग उगाच साखळीशी चाळा करत बसला. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंच म्हणून त्या दोघांना त्यांनी ‘ओळ नाही’ म्हटलं होतं आणि पाथरवट म्हणून नुसतं डांबर फासून मोकळे झाले होते. तळाला काही लिहावं, एवढी दया त्यांच्या मनाला शिवलीही नव्हती.

आता एकच दगड उभा राहिला होता, मेस्त्रींचा स्वतःचा. कारण मेस्त्रीही मुकेच गेले होते.

“हा?” माळ्यानं विचारलं.

“तो राहू दे. तो शेवटी.”

बातमी पसरायला वेळ लागला नाही. सगळ्यात आधी शिंपीणबाई आल्या. या चर्चच्या फाटकासमोर मशीन घेऊन बसतात. त्यांचा नवरा ट्रकवर होता, वीस वर्षांपूर्वी गेला. शेवटी बाईंनीच साक्ष दिली होती, आणि खरी दिली होती: भान होतं, माझा हात घट्ट धरला होता, पण तोंडानं काही बोलले नाहीत. हात धरणं पंचांच्या हिशेबात बसत नव्हतं. तेव्हापासून दर गुरुवारी त्या खालच्या रांगेशी यायच्या, पदरानं दगड पुसायच्या आणि मान खाली घालून परत जायच्या.

त्यांनी तळावरची ओळ वाचली. पुन्हा वाचली. काकांना वाटलं, आता या रडतील. पण बाई ताडकन उठल्या आणि सगळ्यांनाच धक्का बसेल अशा आवाजात कडाडल्या.

“वीस वर्षं! वीस वर्षं मी इथं चोरासारखी आले, काका! आणि तुमच्या वडिलांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं? एका शब्दानं सांगितलं असतं तर जीभ झडली असती का त्यांची? पंचांत बसून ‘नाही’ म्हणायचं आणि मातीखाली ‘हो’ लिहायचं! ही कसली दया? तिला उजेड सोसत नाही ती?”

मघापासून काकांना बाप देवमाणूस वाटायला लागला होता, आणि बाईंनी एका फटक्यात त्याला पुन्हा माणूस करून टाकलं.

“माझ्या माणसाचा दगड उलटा रोवा,” बाई म्हणाल्या. “नाव जाऊ दे मातीत. ओळ वर येऊ दे.”

“अहो बाई, अक्षरं उलटी दिसतील.”

“मी मान वाकडी करून वाचीन! वीस वर्षं खाली घातलीच होती, आता वाकडी करीन.”

माळी हसला, मग आपण कुठं उभे आहोत ते आठवून गप्प झाला. शेवटी त्यानंच तोडगा काढला. जमीन तशीही पोचट झालेली, तर दगड पुरायचेच नाहीत, सिमेंटच्या बैठकीवर पुरे उभे करायचे. तळ आपोआप उघडा राहील. बाई म्हणाल्या, “हे शहाणपण आधी कुठं गेलं होतं?” आणि मग मात्र दगडाशेजारी बसून पोटभर रडल्या.

तेवढ्यात मास्तर आले. मास्तर म्हणजे पंचांमधले सगळ्यात थोरले, निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे. आठही तळ त्यांनी काठी टेकत टेकत वाचले. त्यांचा चेहरा उतरला. मग ते मेस्त्रींच्या एकट्या उभ्या दगडासमोर थांबले आणि हळूच म्हणाले, “आठ जणांना चोरून ओळ दिली, आणि शेवटी स्वतः मुका गेला. आमच्या डोळ्यांत धूळ फेकली, पण वरच्याच्या डोळ्यांत फेकता येत नाही. देवाचा न्याय कसा असतो, बघ.”

तो न्याय देवाचा नव्हता, काकांचा होता.

नऊ वर्षांपूर्वीची ती दुपार. मेस्त्री मागच्या खोलीत पडून होते, काकू औषध आणायला गेलेल्या. मेस्त्रींनी मुलाला जवळ बोलावलं आणि अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाले, “माझं चुकलं रे. धाकट्याचं चुकलं, तुझ्या आईचं चुकलं. प्रभूपुढं रोज कबूल करतो. तो पदरात घेईल, एवढा विश्वास आहे. पण तुझ्यापुढं कधी बोललो नाही. मला माफ कर.” काका उठले, तांब्यात पाणी भरलं, तांब्या बापाच्या उशाशी ठेवला आणि एक शब्दही न बोलता शेडमध्ये निघून गेले. तासाभरानं परत आले तेव्हा सगळं संपलं होतं.

पंच आले. मास्तरांनी विचारलं, “भान होतं का?”

“होतं.”

“चूक कबूल केली?”

आणि काका म्हणाले, “नाही.”

मास्तरांनी पुन्हा विचारलं, नीट आठव म्हणाले. “नाही,” काका म्हणाले, “काही बोलले नाहीत.” एवढा एकच शब्द. तो उच्चारताना त्यांना गार गार वाटलं होतं. धाकट्याच्या ओळीची फिट्टंफाट. आठवडाभर ते गार वाटणं टिकलं, आणि मग जे बुडाशी साचलं त्यावर त्यांनी डांबर फासलं.

घरी आल्यावर काका जेवले नाहीत. शेडमध्ये पाटावर बसून राहिले. काकूंनी ताट झाकून ठेवलं, हात पुसले आणि समोरच्या अर्धवट दगडावर येऊन बसल्या.

“मला तुला काही सांगायचंय,” काका म्हणाले. “बाबा गेले त्या दुपारी...”

“माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“की तुम्ही खोटं बोललात.” काकूंनी हे अशा आवाजात सांगितलं जसं ‘मीठ संपलंय’ सांगावं. “मी औषधाला निघाले तेव्हा बाबा मला म्हणाले होते, तू जरा वेळ लावून ये, मला आज त्याची माफी मागायचीय. मुद्दाम पाठवलं होतं मला. ते मागितल्याशिवाय जाणारे नव्हते.”

नऊ वर्षं! एका ताटाशेजारी दुसरं ताट, एका उशीशेजारी दुसरी उशी, आणि या बाईला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक.

“मग बोलली का नाहीस?”

“माझी साक्ष कुठं होती? मी तर वाटेत होते. आणि मी बोलून काय झालं असतं? दगडावर ओळ आली असती. तुम्ही जिथं होतात तिथंच राहिला असता. म्हणून वाट बघत बसले. आज सांगतील, उद्या सांगतील.”

“बाबांवर केवढा अन्याय केला मी.”

“बाबांची मला काळजी नाही हो,” काकू म्हणाल्या. “त्यांनी जिथं मागायचं तिथं मागितलंय. दगडावर नाही म्हणून तिथंही नाही, असं होईल का? घोर मला तुमचा आहे.” त्या काकांच्या पुढ्यात सरकल्या. “उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, आणि मास्तर इथं येऊन मला विचारायला लागले, चूक कबूल केली का? तर मी काय सांगू? तुमच्यासारखं खोटं सांगू, की शिंपीणबाईंसारखं खरं सांगू?”

आजवर काकांनी कितीतरी घरांत तो प्रश्न विचारला होता. आपल्या घरात तो कुणाला विचारला जाणार, हे एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

शुक्रवार-शनिवार काकांनी टाकी-हातोड्याला हात लावला नाही. एक मोह मात्र त्यांना सारखा होत होता: आधी बाबांचा दगड काढावा, तळ बघावा, मग ठरवावं. म्हाताऱ्यानं तो दगड जिवंतपणीच करून ठेवला होता, एकवीस वर्षांपूर्वी. नाव, जन्मतारीख, सगळं कोरून, तळाला स्वतःच्या हातानं डांबर फासून तो शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेला. काकांनी त्यात फक्त मरणाची तारीख घातली आणि नेऊन रोवला. तेव्हा त्याच्याही तळाला ओळ असणार. असली, तर मग काय बिघडलं? बापाचं बापानं बघून घेतलं; आपण गप्प बसलं तरी चालेल. शनिवारी सकाळी ते पहार घेऊन कबरस्तानाच्या फाटकापर्यंत गेलेही. तिथं त्यांच्या लक्षात आलं, की आपण कबुली द्यायला नाही, सुटायला वाट शोधायला निघालोय. ते तसेच मागे फिरले.

रविवारी उपासना संपली, लोक बाकांवरून उठायला लागले, आणि काका पुढे जाऊन उभे राहिले. जन्मात कधी चार लोकांपुढं बोललेले नाहीत. हात कुठं ठेवावेत हे कळेना, म्हणून त्यांनी ते मागे बांधले.

“पंचांनी मला तीन प्रश्न विचारावेत,” ते म्हणाले.

मास्तर पहिल्या बाकावर होते. “ते गेलेल्या माणसाबद्दल विचारतात,” ते म्हणाले. “तुला काय झालंय? धडधाकट उभा आहेस.”

“म्हणूनच म्हणतो, आत्ता विचारा. म्हणजे कुणाची साक्ष लागणार नाही.”

सगळे जागच्या जागी बसले. मास्तरांना काही उमजेना. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि सवयीनं पहिला प्रश्न विचारला. “भान आहे का?”

“नऊ वर्षं नव्हतं. गुरुवारपासून आहे.”

“चूक कबूल आहे?”

“आहे. बाबांनी शेवटी माझ्यापुढं चूक कबूल केली होती. प्रभूवर विश्वास आहे म्हणाले होते. माझी माफी मागितली. मी दिली नाही. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी तोंडावर खोटं बोललो. त्यांचा दगड देवानं मुका नाही केला, मास्तर. मी केला. ते दोन दगडही मीच मुके केले, आणि दुसऱ्याच्या बापाच्या साक्षी काढायला तुमच्या शेजारी बसत राहिलो.”

कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत घालायचं विसरले. ऐंशी वर्षांच्या त्या माणसानं किती घरांत किती ओळी दिल्या आणि किती नाकारल्या, ते सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून जात असावं. काका उभेच होते.

“तिसरा राहिला, मास्तर.”

“प्रभूच्या हवाली...” मास्तरांनी सुरुवात केली.

“तेच करायला उभा आहे,” काका म्हणाले. “अजून नीट जमत नाही.”

मागच्या बाकावरून शिंपीणबाई उठल्या. “चला,” त्या म्हणाल्या, “तो दगड काढा आता. काय आहे ते एकदा उजेडात येऊ दे.”

सगळी मंडळीच उतारावर गेली. मास्तरांना दोघांनी धरून आणलं. माळ्यानं साखळी आवळली, दगड कण्हत वर आला आणि गवतावर आडवा झाला. तळ अजून काळाकुट्ट होता. इथलं डांबर पक्कं होतं. काका स्वतः खरवडायला बसले. लोक वाकून वाकून बघत होते. डांबर सुटत गेलं, दगड उघडा होत गेला. ‘प्रभू’ नाही. ‘विसावला’ नाही. काहीच नाही.

“कोरा आहे,” कुणीतरी म्हणालं. “स्वतःसाठी नाही लिहिलं.”

शिंपीणबाईंनी तोंडावर पदर धरला. गुरुवारचा त्यांचा राग त्या कोऱ्या दगडापुढं कुठल्या कुठं गेला.

काका मात्र उठले नाहीत. त्यांनी हाताच्या पंजानं दगडावरची भुकटी झाडली, आणि त्यांची बोटं मधेच थांबली. डोळ्यांना दिसेल न दिसेल अशा दोन रेघा. केसाएवढ्या बारीक, टोकदार सळईनं ओढलेल्या, काटकोनी गुण्या लावून अगदी समांतर. एक खाली, एक वर, मधे बरोबर एका ओळीची जागा. अक्षरं कोरण्याआधी पाथरवट अशा रेघा मारतो. स्वतः कोरायचं असलं तर मारतो, आणि दुसऱ्या कारागिराला काम सोपवायचं असलं तरी मारतो. लहानपणी काकांना अक्षर शिकवताना मेस्त्री अशाच रेघा मारून द्यायचे आणि म्हणायचे, “हं, आता तू.”

एकवीस वर्षांपूर्वी मारलेल्या रेघा. म्हणजे मरणाच्या बारा वर्षं आधी. म्हणजे आपला मुलगा पंचांपुढं ‘नाही’ म्हणणार, हे बापानं तेव्हाच ओळखलं होतं. ज्याची ओळ वर येते त्याच्या तळाशी जागा आखायचं कारणच काय? ओळखलं होतं, आणि तरीही जागा आखून ठेवली होती. दुसऱ्या कुणासाठी नाही. ते डांबर एक दिवस मुलगाच खरवडणार, आणि ते काम तोच पुरं करणार, एवढ्या भरवशावर. ज्याच्यावर डांबर फासायचा भरवसा नव्हता असं त्या मुलाला जन्मभर वाटत आलं, त्या मुलावर.

काकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा की कशाचा, कुणाला सांगता आलं नाही. काकू पुढे झाल्या आणि त्यांनी नुसता पाठीवर हात ठेवला.

“टाकी आण माझी,” काका म्हणाले.

“आत्ता? रविवार आहे,” माळी म्हणाला.

मास्तर काठीवर रेलून उभे होते. “आण रे,” ते म्हणाले. “पंच काही विचारणार नाहीत. मी तर आता कुणालाच काही विचारणार नाही.”

टाकी आली, हातोडा आला. शिंपीणबाई म्हणाल्या, “वर नावाखाली कोरा ना काका, ठसठशीत.” काकांनी मान हलवली. जागा आखलेली होती. दगड आता बैठकीवर उभा राहणार होता, ती दिसणारच होती. ते मांडी घालून दगडाशी बसले, टाकीचं टोक खालच्या रेघेवर टेकवलं. मेलेल्याला आता काही सांगता येत नाही, ही शिकवण त्यांना तोंडपाठ होती. तरी ते दगडाच्या अगदी जवळ वाकले. नऊ वर्षांपूर्वी पाण्याचा तांब्या ठेवून जे बोलायचं राहिलं होतं ते त्यांनी एवढ्या लोकांसमोर म्हटलं.

“केलं, बाबा. माफ केलं. आता तुम्ही मला करा.”

मग त्यांनी पहिला घाव घातला.